रात्री साडेदहाची गच्ची

मे महिन्यातली रात्र, साडेदहा वाजून गेलेले. ठाण्याच्या वर्तकनगरातल्या एका जुन्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर सत्तरीतले एक काका टाकीच्या नळाला पाइप लावून स्लॅबवर पाणी मारत होते. पाणी पडलं की आधी ओल्या कोब्याचा वास यायचा, मग घोट्यापर्यंत चढणारी कोमट वाफ, आणि थोड्या वेळाने हात टेकवला तर गच्ची पुन्हा होती तशीच. बाजूच्या दोन टॉवरांच्या मधून आभाळाचा एक पट्टा दिसत होता, चांदण्या पुसट. काका पाइप खाली ठेवून म्हणाले, "सूर्यच पूर्वीसारखा राहिला नाही हो. पूर्वी असा तापत नव्हता." चटया घेऊन आलेल्या चार जणांनी माना डोलावल्या आणि विषय पाणीकपातीकडे वळला. मला मात्र ते वाक्य सोडेना. काकांची तक्रार शंभर टक्के खरी होती, फक्त आरोपी चुकीचा धरला होता. आणि खरा आरोपी दाखवायचा तर उत्तर एका वाक्यात मावत नाही.

सूर्याची बाजू आधी ऐकून घेऊ. वातावरणाच्या बाहेर, सूर्याकडे सरळ तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. १९७८ पासून उपग्रह हा आकडा सलग मोजत आले आहेत. सौर डागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात तो साधारण एक वॅटने, म्हणजे हजारात एकाने, वरखाली होतो. हा एक वॅट गोल पृथ्वीवर पसरला आणि ढग-बर्फावरून परत फिरणारा भाग वजा केला तर चौरस मीटरच्या वाट्याला पाव वॅटही येत नाही. या चार-साडेचार दशकांत सूर्याचा आकडा चढत गेलेला नाही, तापमान चढत गेलं आहे. आणि एक गंमत बघा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब. फरक पन्नास लाख किलोमीटरचा, त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला मिळणारं ऊन जवळजवळ सात टक्के जास्त. त्याच जानेवारीत येऊरच्या रस्त्याला पहाटे फिरायला जाणारे कानटोपी घालून निघतात. ठाण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मेमध्ये आपण भाजून निघतो आणि जुलैत त्याच उंचीवरचा सूर्य ढगांमागे असल्याचं लक्षातही येत नाही. ऊन किती आलं एवढ्यावरच काही ठरत नाही. ते किती शोषलं गेलं आणि मग परत कसं गेलं, यावर ठरतं.

मग साडेदहाला गच्ची कशाने तापलेली असते? दुपारच्याच उन्हाने. सहा इंची आरसीसी स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंगचा, विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा चार इंच. एका चौरस मीटरमागे हा सगळा थर एक अंशाने थंड व्हायला साधारण पाच लाख ज्यूल बाहेर जावे लागतात. दहा अंश उतरायचे तर पन्नास लाख. ही उष्णता दोन वाटांनी जाते, थोडी हवेला लागून आणि बाकीची न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी आभाळाकडे. चौरस मीटरमागे निव्वळ शंभर वॅट बाहेर पडतायत असं धरलं तर पन्नास लाख ज्यूल जायला चौदा तास लागतात. मेमधली रात्र आहे अकरा तासांची. म्हणजे कालची उष्णता पुरती गेलेली नसतानाच आजचं ऊन स्लॅबवर येऊन उभं राहतं, आणि पाच-सहा दिवस असं झालं की वरच्या मजल्यावरच्या घरात पंखा गरम हवाच खाली ढकलत राहतो.

काकांचं पाणी मारणं अगदीच वाया जात नाही. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ते चोवीस लाख ज्यूल घेऊन जातं. चौरस मीटरमागे दोन लिटर खरोखर सुकले तर रात्रीचं काम जवळजवळ झालंच. पण हवेत सत्तर टक्के आर्द्रता असताना सुकणं धिमं, आणि पाइपने सोडलेलं बहुतेक पाणी उतारावरून सरळ आउटलेटमध्ये जातं. पाणी कमी आणि काम जास्त हवं असेल तर सूर्य कलल्यावर गोणपाट पसरून तेवढेच ओले ठेवावेत. पण खरा उपाय ऊन आत शिरण्याआधीचा आहे. जुन्या इमारतींवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक असायचं, ते बऱ्यापैकी ऊन परतवायचं. गळतीच्या भीतीने त्यावर काळी डांबरी शीट चढली की तीच गच्ची नव्वद टक्के ऊन गिळू लागते. चांगला पांढरा रंग किंवा चुना ताजा असताना सत्तर-ऐंशी टक्के ऊन परत पाठवतो. चुना मारायचा तो फेब्रुवारीत, भेगा भरून, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून, स्लॅब पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून. भर दुपारी मारला तर पटकन सुकतो आणि पापुद्रे सुटतात, म्हणून संध्याकाळी, चिकटण्यासाठी थोडा गोंद घालून, पातळ दोन-तीन हात. ओल्या कोब्यावर मारला तर आतली ओल बाहेर पडताना रंगाला फुगवते. पावसाळ्यात पुन्हा शेवाळ येतं, धूळ बसते, परावर्तन घटत जातं. दरवर्षी धुवायला कुणी नसेल तर खर्च फुकट.

हल्ली जिकडेतिकडे दिसणारी पत्र्याची शेड दिवसा स्लॅबला सावली देते, हे चांगलंच. बाजूंनी मात्र वारा वाहता ठेवायला हवा. चारही बाजूंनी पत्रे ठोकून खोल्या केल्या की आतली हवा कोंडते. आणि रात्री हाच पत्रा स्लॅब आणि आभाळ यांच्या मधे येतो. स्लॅबने सोडलेले अवरक्त किरण पत्र्यापर्यंत जातात आणि त्यातले बरेच खाली परत येतात. आभाळही हेच करतं, पत्रा नसताना.

आभाळसुद्धा तापवतं. सूर्य मावळल्यावरही.

हे पटायला जड जातं, म्हणून आकडे सांगतो. पृथ्वीच्या पूर्ण पृष्ठभागाची, दिवस-रात्रीची सरासरी काढली तर जमीन आणि समुद्र थेट सूर्याकडून चौरस मीटरमागे सुमारे १६० वॅट शोषतात. आणि वातावरणाकडून, म्हणजे हवेतल्या वायूंकडून आणि ढगांकडून, खाली येणारे अवरक्त किरण असतात सुमारे ३४० वॅट. सूर्याच्या दुपटीहून जास्त. ही मूळची उष्णता सूर्याचीच, पण ती बाहेर पडताना वाटेत अडकून पुन्हा पुन्हा खाली पाठवली जाते. हे होत नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं. ते आहे साधारण १५. मधले ३३ अंश या वायूंची देणगी आहेत, त्यांच्यावरच भातशेती, खाडी आणि आपण सगळे उभे आहोत. म्हणून 'हरितगृह वायू' हे नाव शिवीसारखं वापरलं की मला खटकतं. वाईट त्यांचं असणं नाही, आपण त्यांत टाकलेली भर वाईट.

ठाण्याची मेमधली रात्र घ्या: हवा ३० अंश, आर्द्रता सत्तर टक्के, आभाळ निरभ्र. ढोबळ हिशेबाने अशा आभाळातून चौरस मीटरमागे ४२० वॅट खाली येतात. हवेइतक्याच तापमानाची गच्ची वर पाठवते ४७८. निव्वळ सुटका जेमतेम साठ वॅटची. आता नाशिकची जानेवारीतली रात्र घ्या: हवा १५ अंश, आर्द्रता पन्नासच्या वर. गच्ची वर पाठवते ३९०, आभाळ परत देतं २८० च्या आसपास, सुटका एकशे दहा वॅटची. सूर्य तोच, पण कोरड्या हवेत सुटका पन्नास वॅट जास्त, आणि पहाटेच्या थंडीत तिचाही वाटा. ठाणे-नवी मुंबईच्या वाट्याला खाडी आणि समुद्राची वाफ आहे, त्यामुळे आपल्याकडे परतीची वाट मुळातच अरुंद.

ज्याला स्वतः बघायचं असेल त्याने इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरण मोजणारा, थर्मामीटर घ्यावा. तापासाठीचा कपाळावर धरायचा नको, त्याची मर्यादा फारच लहान असते. कारखान्यात वापरतात तो, उणे पन्नासपासून मोजणारा. सूर्यास्तानंतर दोन तासांनी गच्चीच्या मध्यावर उभं राहून सरळ माथ्यावर रोखावा. साधारण उपकरणावर १२ : १ असा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे ते बारा मीटरवर एक मीटरचं वर्तुळ बघतं. टॉवरचा कोपरा किंवा टाकी त्यात आली की आकडा बिघडला. कोरड्या जानेवारीत वाचन शून्याच्या बरंच खाली जातं. मेच्या दमट रात्री त्याहून कितीतरी वर असतं, आणि पावसाळी बुटका ढग डोक्यावर आला की एकदम वीसच्या आसपास. एक ढग सरकताना आकडा चढतो-उतरतो, ते बघताना आभाळ रिकामं नाही हे हातात धरल्यासारखं कळतं. चकाकत्या स्टीलच्या टाकीवर मात्र हे उपकरण रोखू नये. चकाकतं स्टील स्वतः फार कमी किरण सोडतं, त्यामुळे टाकीऐवजी तिच्यात पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब मोजलं जातं. आणि यावरून 'मी जागतिक तापमानवाढ मोजली' असंही कुणी म्हणू नये. ही उपकरणं ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण बघतात. कार्बन डायऑक्साइडचा शोषणाचा मुख्य पट्टा १५ मायक्रॉनभोवती आहे, म्हणजे नेमका कडेला. उपकरण दाखवतं ती बाष्पाची आणि ढगांची करामत.

मग कार्बन डायऑक्साइडला एवढं का धरायचं? हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन, पण त्यांच्या दोन सारख्या अणूंच्या रेणूंना अवरक्त किरण जवळपास दिसतच नाहीत. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन टिंडलने १८५९ मध्ये लंडनमधल्या प्रयोगशाळेत लांब नळीत एकेक वायू भरून हे मोजलं. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून, कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते हे नोंदवलं होतं. बाष्प परिणामाने मोठं, पण ते आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन उतरतं आणि हवेत किती राहायचं हे तापमानावर ठरतं, दर अंशाला सुमारे सात टक्के जास्त. ते आपण होऊन सुरुवात करत नाही, दुसऱ्याने तापवलं की भर घालतं. कार्बन डायऑक्साइड पावसाने उतरत नाही. आज सोडलेल्यातला मोठा भाग शतकानुशतकं राहतो. औद्योगिक काळाआधी दहा लाख भागांत २८० भाग होता, १९५८ मध्ये हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आता ४२० च्या वर.

यावर एक आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. १५ मायक्रॉनचे किरण जमिनीलगतच्या थोड्याच हवेत पूर्ण शोषले जातात, मग आणखी वायू टाकून आणखी काय शोषणार? उत्तर खाली सापडत नाही, वर सापडतं. किरण थरांमागून थर शोषले जात, पुन्हा सोडले जात वर सरकतात आणि शेवटी अवकाशात निसटतात ते सरासरी पाचेक किलोमीटर उंचीवरून. तिथलं तापमान त्या उणे १८ च्या आसपास. दर किलोमीटरला साडेसहा अंश या दराने पाच किलोमीटर खाली उतरलं की जवळजवळ तेच ३३ अंश भरतात. वायू वाढला की निसटण्याची जागा आणखी वर सरकते. वर थंड. थंड थर कमी किरण सोडतो. येणं तेवढंच आणि जाणं कमी, मग खालचं सगळं तापत राहतं, तो वरचा थर पुरेसा ऊबदार होईपर्यंत. ही जागा दीडशे मीटर वर गेली की जमिनीवर एक अंश वाढतो. दीडशे मीटर म्हणजे घोडबंदर रोडवरचा पंचेचाळीस-पन्नास मजली टॉवर. आपण निसटण्याची पातळी साधारण एका टॉवरने वर ढकलली आहे, एवढंच. हे 'एवढंच' जेव्हा जेव्हा मनात येतं तेव्हा मी अस्वस्थ होतो.

आणि याच कारणाने सूर्य निर्दोष सुटतो. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये गणित मांडलं, की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचं वातावरण तापेल आणि वरचा स्थितांबर थंड होईल. नंतरच्या दशकांत फुगे आणि उपग्रह यांनी नेमकं तेच मोजलं. रोज सांताक्रूझहून हवामान खात्याचा फुगा वर जातो, जगभरातल्या अशाच फुग्यांच्या नोंदी त्या पुराव्यात आहेत. मानाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरीही वर्तकनगरच्या त्या गच्चीची सगळी उष्णता जागतिक कार्बनच्या नावे लिहिणं मला पटत नाही. औद्योगिक काळापासून जगाचं तापमान सव्वा-दीड अंशाने वाढलं आहे. स्लॅब रात्री हवेपेक्षा आठ-दहा अंश गरम असतो तो काँक्रीटमुळे, बाजूच्या टॉवरांनी आभाळ झाकल्यामुळे, तोडलेल्या झाडांमुळे. ही उधारी ठाण्याची स्वतःची आहे आणि ती ठाण्यातच फेडता येते. पण मूळ पाया सरकला की त्यावरचं सगळंच धोक्याच्या रेषेजवळ जातं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेली माणसं उष्माघाताने दगावली, त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. दुपारी सूर्य क्षितिजापासून ऐंशी अंशांवर, जवळजवळ माथ्यावर, सावली पायापुरतीही नाही, आणि हवेत खाडीचा दमटपणा. शांत बसलेलं शरीरही शंभरेक वॅट उष्णता तयार करतं, उन्हाची भर वेगळी. हवा त्वचेइतकी गरम झाली की घाम सुकणं हीच एक वाट उरते. दमट हवेत घाम ओघळतो, सुकत नाही, आणि ओघळलेला घाम काहीच घेऊन जात नाही. पाऱ्याचा आकडा बघून 'चाळीस नाही ना झालं' म्हणणं किनारपट्टीवर जिवावर बेततं. इथे आर्द्रता सोबत वाचल्याशिवाय तापमान वाचूच नये.

मग अशा रात्री माणूस एसी लावणारच. त्याला दोष द्यायची माझी अजिबात इच्छा नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी, तान्ह्या बाळांसाठी ती चैन राहिलेली नाही. पण एसीतली एक गोष्ट विजेच्या बिलात दिसत नाही. ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक आहे, याला वातावरणाची खिडकी म्हणतात. आपल्या गच्चीची जी काही सुटका होते ती मुख्यतः इथून. एसीतले वायू नेमके याच खिडकीत शोषण करतात. म्हणून ते मूठभरही भारी पडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-३२ हा ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आर-४१०ए दोन हजार किलोंच्या वर, जुना आर-२२ अठराशेच्या आसपास. घरगुती दीड टनाच्या एसीत साधारण आठशे ग्रॅम आर-३२ असतो. तो एकदा हवेत सोडला की साडेपाचशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं, आणि आपल्या ग्रिडमधल्या विजेच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलोच्या हिशेबाने ती पावणेआठशे युनिटं झाली.

आणि तो सोडला जातो, रोज. ऐरोली, कोपरखैरणे, मानपाडा, कुठेही बघा. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स संपतं, भाडेकरू घर बदलतो, एसी काढायला माणूस येतो. ग्रिलमध्ये अर्धा बाहेर वाकून तो आउटडोअर युनिटला पाइप जोडणारा फ्लेअर नट पान्याने सोडतो, फस्सकन आवाज येतो, पांढरा फवारा उडतो, पाइपवर क्षणभर बर्फ धरतो आणि काम झालं. पाच मिनिटं वाचली. नव्या घरी 'गॅस कमी आहे' म्हणून दोन-अडीच हजार घेऊन पुन्हा भरला जातो.

खरं काम, ज्याला पंप-डाउन म्हणतात, दहा मिनिटांचं आहे. एसी कूलिंगवर, तापमान सोळावर, पाच-सात मिनिटं चालू द्यायचा. इन्व्हर्टर एसी असेल तर टेस्ट रन किंवा फोर्स्ड कूलिंग लावायचं, नाहीतर कंप्रेसर मधेच मंद होतो. मग जाड पाइपच्या सर्व्हिस पोर्टला गेज लावून बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण बंद करायचा. कंप्रेसर सगळा गॅस ओढून आउटडोअरमध्ये गोळा करतो. मिनिट-दोन मिनिटांत काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच एसी बंद. काटा शून्याच्या खाली जाऊ देत रेंगाळलं तर सांध्यातून हवा आत ओढली जाते आणि कंप्रेसरला धोका. नव्या जागी बसवताना पाइपमधली हवा गॅसनेच हाकलायची नाही, व्हॅक्यूम पंप अर्धा तास लावायचा. नाहीतर ओल आत राहते, तेल खराब होतं आणि वर्षभरात थंडावा जातो. गॅस कमी निघालाच तर भरण्याआधी गळती शोधायची, नायट्रोजनचा दाब देऊन, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत कॉइल लवकर खाते, तिथे नुसता टॉप-अप म्हणजे दरवर्षी तोच गॅस हवेत. आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे, हेही त्या ग्रिलमध्ये लटकणाऱ्या मुलाला कुणी सांगत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

हे वायू कमी करायचा किगाली करार २०१६ चा. भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला आणि आपली प्रत्यक्ष कपात सुरू होणार ती २०३२ पासून. तोवर भिंतीवर लटकलेल्या युनिटांतला गॅस तिथेच आहे. कंप्रेसर जळलेला असेल तर वरची युक्ती चालत नाही, गॅस काढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लागतं, आणि ते गल्लीतल्या एकट्या मेकॅनिकला परवडत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत प्रभागागणिक एक मशीन आणि दोन रिकामे सिलिंडर भाड्याने मिळाले, दिवसाला दोनशे रुपयांनी, तर किती मेकॅनिक ते नेतील? माझ्या मते बरेच, कारण गोळा केलेला गॅस साफ करून पुन्हा वापरता येतो. महापालिकांच्या हवामान कृती आराखड्यांत ही ओळ आली पाहिजे. तोपर्यंत आपण एवढं करू शकतो, की एसी काढायला माणूस आला की नटाला पाना लागण्याआधी विचारायचं, "दादा, पंप-डाउन करणार ना? शंभर रुपये वर देतो, गेज लावा."